एफमॉक-एफएफ जेल: कृती तीच, मॉड्युलस दर वेळी वेगळा, आणि ताण दिल्यावर परत जमत नाही

तंतूजाळं (प्रश्न)

एफमॉक-डायफिनाइलअलॅनिन, म्हणजे एफमॉक-एफएफ (दोन फिनाइलअलॅनिनचं छोटं पेप्टाइड, टोकाला एफमॉक हा संरक्षक गट), याचं पाण्यातलं जेल करतो आहे. पुढे ते सिरिंजमधून सोडायचं आहे. म्हणजे दाबाखाली वाहायला हवं आणि बाहेर पडल्यावर पुन्हा जमायला हवं. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हा द्रावक) टाळायचं असल्यामुळे पीएच उतरवून जेल करण्याचा मार्ग घेतला.

कृती: १०० मिग्रॅ पावडर १७ मिली पाण्यात, त्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घालत पावडर पूर्ण विरघळेपर्यंत. कधी २ मिली लागतं, कधी २.६. मग पाण्याने २० मिली करतो, म्हणजे ५ मिग्रॅ प्रति मिली. त्यात ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन (जीडीएल) तेवढंच, ५ मिग्रॅ प्रति मिली. हलवून पेट्री डिशमध्ये ओततो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी २५ मिमीची चकती कापून रिओमीटरवर (जेलचा ताठपणा आणि वाहणं मोजणारं यंत्र): समांतर गुळगुळीत प्लेट, दोन प्लेटमधली गॅप १ मिमी, २५ अंश सेल्सिअस.

तीन बॅचचा जी प्राइम (स्थितिस्थापक मॉड्युलस, म्हणजे जेलचा ताठपणा), १० रेडियन प्रति सेकंद आणि ०.५ टक्के स्ट्रेनला (स्ट्रेन म्हणजे आकार किती सरकला ते): ९०० पास्कल, ६,२०० पास्कल, १४,००० पास्कल. बाटली उलटी केली तर तिन्ही जेल जागेवर राहतात. स्ट्रेन वाढवत नेला की १ टक्क्याच्या आसपास घसरण सुरू होते आणि २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान जी प्राइम आणि जी डबल प्राइम (द्रवासारखं वाहण्याचा भाग दाखवणारा मॉड्युलस) एकमेकांना छेदतात. त्यानंतर ३०० टक्के स्ट्रेन ६० सेकंद देऊन परत ०.५ टक्क्यावर आणलं, तर ५ मिनिटांत जेमतेम १० ते १५ टक्के मॉड्युलस परत येतो. याच रेणूच्या डीएमएसओ-पाणी जेलबद्दल मात्र ते चांगलं परततं असं सगळीकडे वाचायला मिळतं.

प्रश्न तीन. बॅचमध्ये इतका फरक कशामुळे? रेणू तोच असताना परतणं वेगळं का? आणि ३०० टक्क्यांची चाचणी पास झाली म्हणजे सुईतून चालेल, असं धरता येतं का?

पेप्टाइडकट्टा

आधी एक हिशेब करा, म्हणजे चूक कुठे नाही ते कळेल. अशा तंतूंच्या जाळ्याचा जी प्राइम साधारण संहतीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वजनात १० टक्के चूक झाली तर मॉड्युलस २० टक्क्यांनी हलेल. तुमचा फरक पंधरापट आहे. वजनकाट्याला दोष देऊन भागणार नाही. फरक जाळं कसं विणलं गेलं त्यात आहे, किंवा मोजताना ते मोडलं त्यात आहे. मोजण्याबद्दल दुसरं कोणी नेमकं सांगेल, मी रसायनाकडे बघतो.

एफमॉक-एफएफचं रेणुवस्तुमान ५३४.६. तुमचे १०० मिग्रॅ म्हणजे १८७ मायक्रोमोल. एक समतुल्य अल्कली, म्हणजे पेप्टाइडइतकेच मोल, यासाठी ०.१ मोलर द्रावण १.८७ मिली, बस. तुम्ही २ ते २.६ घालता आहात. २ मिली घातलं तर १३ मायक्रोमोल जास्त, २० मिलीमध्ये पीएच १०.८ च्या जवळ. २.६ मिली घातलं तर ७३ मायक्रोमोल जास्त, आणि पीएच साडेअकराच्या आसपास. एफमॉक गट अल्कलीतच तुटतो, पेप्टाइड संश्लेषणात तो काढतातही बेस वापरूनच. साडेअकराला तासन्‌तास ढवळत ठेवलं तर थोडाथोडा एफमॉक सुटत राहतो, डायबेंझोफल्विन तयार होतं आणि उरलेलं डायफिनाइलअलॅनिन तुमच्या जाळ्यात बसत नाही. शंका असेल तर जेल करण्याआधी द्रावण एचपीएलसीवर (घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) टाका, वेगळं शिखर दिसेल.

«विरघळेपर्यंत घालत जा» ही पद्धतच सोडा. १.९ मिली एकदम मोजून घाला, झाकण लावा आणि रात्रभर ढवळा. पावडर हळू विरघळते म्हणून माणूस घाईने अल्कली वाढवतो, बहुतेक गोंधळ तिथे होतो. ०.१ मोलरचं द्रावण उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे महिनाभर जुन्या बाटलीवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, टायट्रेट करून घ्या.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अल्कलीतलं «स्वच्छ द्रावण» हे सुट्या रेणूंचं द्रावण नसतं. साध्या पेप्टाइडचा कार्बोक्झिल गट साडेतीनच्या आसपास प्रोटॉन सोडतो. एफमॉक-एफएफमध्ये रेणू एकत्र येत असल्यामुळे हा आकडा खूप वर सरकतो आणि दोन टप्पे दिसतात: एक साडेनऊ-दहाच्या आसपास, दुसरा साडेपाच-सहाच्या. म्हणजे पीएच १० च्या खाली आला की तंतुक जमायला लागलेले असतात. त्या अवस्थेतलं द्रावण किती ढवळलं, किती वेळ ठेवलं, चुंबकी कांडी कोणत्या वेगाने फिरवली, हे सगळं पुढच्या जाळ्यात उमटतं. एका बॅचला दोन तास आणि दुसरीला रात्रभर, असं करू नका.

आता जीडीएल. ते स्वतः आम्ल नाही. पाण्यात हळूहळू फुटून ग्लुकॉनिक आम्ल होतं आणि पीएच सगळीकडे एकसारखा उतरतो. विरजण लावलेलं दही आणि लिंबू पिळलेलं दूध यातला जो फरक, तोच इथे. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब जिथे पडतो तिथे लगेच गुठळी होते आणि बाजूला द्रावण तसंच राहतं. जीडीएलने संथ, एकजीव जाळं लागतं. पण विरजणाचा दुसरा नियमही लागू आहे: लागताना भांडं हलवलं की चोथापाणी होतं.

तुमचं प्रमाण पाहू. ५ मिग्रॅ प्रति मिली जीडीएल म्हणजे २८ मिलिमोलर, पेप्टाइडच्या तिप्पट. शेवटचा पीएच साडेतीन ते चारच्या दरम्यान यायला हवा. तो प्रत्येक बॅचला मोजा, रिओमीटरवरून उतरवलेल्या जेलमध्ये इलेक्ट्रोड खुपसून मोजला तरी चालेल. जास्तीची अल्कली जीडीएल खाते, म्हणून २ मिली आणि २.६ मिलीच्या बॅचमध्ये पीएच उतरण्याची चालच वेगळी. शिवाय जास्त पीएचला जीडीएल झपाट्याने फुटतं, आणि तापमानानेही वेग वाढतो. प्रयोगशाळेत दुपारी ३२ अंश आणि रात्री २३ अंश असेल तर दोन जेल एक नव्हेत. २५ अंशाच्या वॉटर बाथमध्ये ठेवा.

जीडीएलची बाटली ओलाव्यात उघडी राहिली तर आतली पावडर आधीच अर्धवट ग्लुकॉनिक आम्ल झालेली असते. पावसाळ्यात हे फार होतं. अशी पावडर टाकल्या टाकल्या पीएच एकदम खाली जातो आणि जेल ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. बाटली डेसिकेटरमध्ये ठेवा, पावडर वापरण्याच्या क्षणी तोला, आणि आधीपासून द्रावण करून ठेवू नका.

घालण्याची रीत: २ मिली द्रावणाला १० मिग्रॅ जीडीएल तोलून ठेवा, द्रावण त्यावर एकदम ओता, २० ते ३० सेकंद हलक्या हाताने गोल फिरवा, फेस येऊ देऊ नका, आणि ज्या भांड्यात मोजणार त्यातच लगेच सोडा. त्यानंतर हात लावायचा नाही.

प्रवाहमिती

वरचं सगळं बरोबर आहे, पण मला ९०० पास्कलच्या बॅचबद्दल वेगळा संशय आहे. ती बॅच कदाचित कमकुवत नव्हतीच, ती आधीच मोडलेली मोजली गेली.

तुमचंच निरीक्षण बघा: जेल १ टक्का स्ट्रेनला घसरायला लागतं. पेट्री डिशमधली चकती १ मिमीची नेमकी नसते. समजा ती दीड मिमी आहे आणि वरची प्लेट १ मिमीवर आली. हा तेहतीस टक्के दाब झाला. १ टक्क्याला हार मानणारं जाळं तेहतीस टक्के दाबून मग तुम्ही त्याची «मूळ» ताकद मोजता. कापताना आणि उलथण्याने उचलताना जे झालं ते वेगळंच. पॉलिमर जेलला, जिलेटिनला वगैरे, हे चालून जातं कारण ती खूप ताणली तरी तुटत नाहीत. छोट्या रेणूंच्या जेलला चालत नाही. यातले तंतू ताठ असतात, साखळीसारखे गुंडाळलेले नसतात, त्यामुळे ओढल्यावर उलगडायला काही शिल्लक नसतं.

उपाय दोन.

पहिला, जेल प्लेटवरच लावा. २५ मिमीच्या प्लेटला १ मिमी गॅपसाठी ०.४९ मिली द्रावण लागतं. जीडीएल मिसळल्यावर लगेच ते खालच्या प्लेटवर सोडा, वरची प्लेट हळू खाली आणा, कडेने पातळ खनिज तेलाची रेघ सोडा म्हणजे पाणी उडणार नाही, आणि वर झाकण ठेवा. रात्रभर यंत्र अडकतं ही अडचण खरी. पण पहिल्या काही तासांचा जी प्राइम वाढतानाचा आलेख मिळतो, तो एरवी कुठेच मिळत नाही. वाढ मोजताना स्ट्रेन ०.१ ते ०.२ टक्क्यापेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर मोजण्याचा हेलकावाच जाळं विस्कटतो.

दुसरा, आणि रोजच्या कामासाठी मला जास्त पटणारा: कप आणि व्हेन. व्हेन म्हणजे दांड्यावर उभी चार पाती. जेल सपाट बुडाच्या छोट्या बाटलीत २ मिली लावायचं आणि तीच बाटली कप म्हणून यंत्रात घट्ट बसवायची. पाती जेलमध्ये चिरत जातात तेव्हा थोडंच जेल दुखावतं, बाकीचं तसंच राहतं. कापणं नाही, उचलणं नाही, दाबणं नाही. बाटल्या एकाच मापाच्या घ्या आणि आकारमान दर वेळी सारखं ठेवा, कारण पाती किती बुडाली त्यावर आकडा बदलतो. व्हेनने मिळालेला आकडा प्लेटच्या आकड्याशी थेट जुळवू नका. बॅच ते बॅच तुलनेसाठी मात्र ती फार विश्वासू आहे.

गुळगुळीत प्लेटचा दुसरा धोका म्हणजे घसरण. या जेलांतून थोडं पाणी सुटतं, आणि पाण्याचा तो पातळ थर प्लेट आणि जेल यांच्यात वंगणाचं काम करतो. मग प्लेट फिरते, जेल जागीच राहतं आणि तुम्हाला वाटतं जेल मोडलं. ओळखायचं कसं: एकाच बॅचचे तीन नमुने ०.५, १ आणि १.५ मिमी गॅपला मोजा. आकडे गॅपबरोबर सरकत गेले तर घसरण आहे. खरखरीत केलेली प्लेट वापरा. तशी नसेल तर बारीक सँडपेपर दुहेरी चिकटपट्टीने लावूनही काम भागतं, फक्त गॅपचं शून्य सँडपेपर लावल्यावर पुन्हा घ्या.

कमी आकड्यांकडे जाताना टॉर्कवर लक्ष ठेवा. २५ मिमी प्लेट, १०,००० पास्कल, ०.१ टक्का स्ट्रेन: टॉर्क साधारण ३० मायक्रोन्यूटन-मीटर, निवांत मोजता येतो. ९०० पास्कल आणि ०.०१ टक्का: ०.३ मायक्रोन्यूटन-मीटर, जुन्या यंत्रावर हा नुसता नॉइज, म्हणजे यंत्राची स्वतःची थरथर असते. सुरुवातीचे बिंदू वरखाली नाचत असतील तर ते जेलचं वागणं समजू नका.

आणि «मोडण्याचा बिंदू» म्हणून तुम्ही नेमकं काय लिहिता? जी प्राइम पठारापासून (सुरुवातीच्या सपाट भागापासून) ५ टक्के घसरला तो एक बिंदू, दोन्ही मॉड्युलस छेदतात तो दुसरा. तुमच्या जेलमध्ये हे १ टक्का आणि ३० टक्के इतके लांब आहेत. मधल्या पट्ट्यात जाळं तुटत असतं पण अजून वाहत नसतं. तिथे जी डबल प्राइमला एक उंचवटा येतो का ते बघा. येत असेल तर ऊर्जा तंतू आणि जोड तुटण्यात खर्च होते आहे. समांतर प्लेटमध्ये स्ट्रेन मधोमध शून्य आणि कडेला पूर्ण असतो, त्यामुळे हा पट्टा खऱ्यापेक्षा पसरट दिसतो. पठार संपल्यानंतरचा जी प्राइम हा मूळ लाटेपुरताच अर्थ सांगतो, म्हणून ३०० टक्क्याच्या आकड्याला फार किंमत देऊ नका. एकदा वर नेलेला नमुना टाकून द्या, खाली येताना त्यावरच पुन्हा मोजू नका.

बाटली उलटी करण्याच्या चाचणीबद्दल: २ सेंमी उंचीचा पाण्यासारखा स्तंभ स्वतःच्या वजनाने जास्तीत जास्त २०० पास्कलच्या आसपास ताण देतो. काचेला चिकटलेल्या जेलला प्रत्यक्षात त्याहून कमीच. तुमच्या तिन्ही बॅच त्यात पास होणारच. जेल आहे की नाही एवढंच ती सांगते.

तंतूजाळं

दोघांचेही आभार. अल्कली १.९ मिली ठरवून घातली (द्रावण टायट्रेट केलं, ते प्रत्यक्षात ०.०९३ मोलर निघालं, त्याप्रमाणे मोजून), रात्रभर झाकून ढवळलं, जीडीएल नवीन बाटलीतलं, २५ अंशाच्या बाथमध्ये, २ मिली बाटलीत आणि व्हेनने मोजलं. १८ तासांनंतर तीन बॅच: ११,४००, १२,६०० आणि १३,१०० पास्कल. पीएच तिन्हींचा ३.७ ते ३.८.

परतणं मात्र तसंच आहे, १२ टक्के. ६ तासांच्या जेलवर हीच चाचणी केली तर १९ टक्के दिसलं, म्हणजे ताजं जेल जास्त बरं परततं की काय?

प्रवाहमिती

तो आकडा फसवा आहे. ६ तासांना पीएच अजून उतरत असतो आणि जेल घट्ट होत असतं. मोडल्यानंतर जी वाढ दिसली त्यात परतणं किती आणि उरलेलं जमणं किती, हे वेगळं करता येत नाही. परतण्याची चाचणी जी प्राइम तासाभरात १-२ टक्क्यांपेक्षा जास्त हलत नाही तेव्हाच करायची. सोबत न मोडलेला एक जोडनमुना तेवढाच वेळ ठेवून त्याचीही वाढ मोजा. परताव्याची टक्केवारी कोणत्या वेळेला मोजली ते नेहमी लिहा, ३० सेकंदांना की १० मिनिटांना. मोठा स्ट्रेन थांबल्यावरचे पहिले एक-दोन बिंदू यंत्राच्या जडत्वामुळे बिघडलेले असतात, ते वगळा.

पेप्टाइडकट्टा

परतण्याचं मूळ कारण इथे सांगतो, कारण तुमचा दुसरा प्रश्न हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

एफमॉक-एफएफमध्ये पेप्टाइडचे भाग बीटा-शीटसारखे हायड्रोजन बंधांनी जोडले जातात आणि फ्लुओरिनाइल कड्या एकमेकींवर रचल्या जातात. २००८ साली मांडलेल्या रचनेत अशा चार शीट पिळून एकमेकींत अडकतात आणि सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा दंड होतो. दंड जुळून जुडगे, जुडग्यांचं जाळं. इथपर्यंत दोन्ही मार्ग सारखे. फरक पडतो तो जाळं जागेत कसं पसरतं त्यात.

डीएमएसओत विरघळलेल्या पेप्टाइडवर पाणी ओतलं की द्रावण क्षणात दुधाळ होतं, कारण रेणू एकदम बाहेर ढकलले जातात आणि छोटे गोळे बनतात. मग त्या गोळ्यांमधून तंतू वाढत जातात आणि काही मिनिटांत दुधाळपणा निवळतो. तंतू केंद्रातून चहूकडे पसरतात, दाट पुंजके होतात आणि पुंजके एकमेकांना टेकून जेल उभं राहतं. ताण दिला की मोडतात ते पुंजक्यांमधले कच्चे सांधे. पुंजके आतून शाबूत राहतात. ताण थांबला की ते पुन्हा एकमेकांवर बसतात आणि मॉड्युलस बराचसा परत येतो. मोडलेलं काही सांधलं गेलेलं नसतं, फक्त न मोडलेले तुकडे पुन्हा खेटून बसलेले असतात.

जीडीएलच्या जेलमध्ये पुंजके नाहीत. लांब तंतूंचं एकसलग जाळं संथपणे सगळीकडे वाढतं. तेच त्याचं बळ, आणि मोडताना तीच त्याची अडचण: ताण आला की तंतू आणि जुडगेच तुटतात. तुटलेलं टोक पुन्हा वाढायला सुटे रेणू लागतात, आणि पावणेचार पीएचला एफमॉक-एफएफ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. जे होतं ते सगळं आधीच तंतूंमध्ये गेलं आहे. डागडुजीला माल शिल्लक नाही. तुमचे १२ टक्के हे बहुधा तुकडे एकमेकांत गुंतल्याचे आहेत.

म्हणून परतणारं जेल हवं असेल तर जीडीएलचं प्रमाण बदलत बसू नका. जाळं पुंजक्यांचं व्हायला हवं. डीएमएसओ मार्गाने करून नंतर ते धुवून काढता येतं. २ मिलीसाठी १० मिग्रॅ पेप्टाइड ०.४ मिली डीएमएसओत पूर्ण विरघळवा (कण राहिला तर तिथे गाठ होते, लागलं तर सोनिकेट करा), मग १.६ मिली पाणी एकदम. थेंब थेंब नाही, थेंबाने वेगळेच पुंजके होतात. डीएमएसओ पाण्यात मिसळताना उष्णता सुटते, म्हणून दोन्ही द्रव २५ अंशाला आणून घ्या. डीएमएसओची बाटली घट्ट बंद ठेवा, ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग तुमचं २० टक्के हे २० टक्के राहत नाही. जमलेल्या जेलवर हळूच पाणी सोडा, दिवसातून तीन-चार वेळा बदला, दोन दिवस. थर ५ मिमीपेक्षा जाड ठेवू नका, नाहीतर आतलं डीएमएसओ निघायला फार वेळ लागतो. धुतल्यावर मॉड्युलस नव्याने मोजा, आधीचा आकडा गृहीत धरू नका.

एक इशारा. जीडीएलचं जेल कसंबसं परतलं असतं तरी त्याचा पीएच ३.७ आहे. पेशी किंवा ऊतीजवळ न्यायचं असेल तर मुळातच ते चालणार नव्हतं.

एरंडतेग्रीस

विषयाला थोडी दुसरी बाजू जोडतो. रिओमीटरवर हात बसवायला एफमॉक-एफएफ वापरू नका, महाग आहे. १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल घ्या. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं. एरंडेलाचं हायड्रोजनीकरण करून मग ते फोडलं की हे आम्ल मिळतं. भारत एरंडीचा जगातला सर्वात मोठा उत्पादक आहे, बहुतांश पीक गुजरातचं, त्यामुळे माल स्वस्त आणि सहज मिळतो.

कुठल्याही खाद्यतेलात २ ते ३ टक्के घाला, ८५-९० अंशाला २०-३० मिनिटं ठेवा आणि थंड करा. पाण्याऐवजी तेलातलं जेल, पण विणकाम तसंच: कार्बोक्झिल गट जोडीने बांधले जातात, हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांची रांग लावतात आणि पिळदार तंतू बनतात. मोठी सोय ही की बिघडलं तर पुन्हा तापवा, आधीची सगळी आठवण पुसली जाते. अर्धवट तापवलं, ७० अंशावर थांबलात, तर न वितळलेले स्फटिक बीजासारखे राहतात आणि पुढचं जेल वेगळं निघतं. थंड करण्याचा वेग बदलून बघा: संथ केलं तर लांब, कमी फाटे फुटलेले तंतू, झटकन केलं तर आखूड आणि फाटे जास्त. एकाच तेलात, एकाच टक्केवारीत दोन वेगळी जेल मिळतात. वर जे रसायनाने घडतं सांगितलं तेच इथे थर्मामीटरने घडवता येतं.

नैसर्गिक आम्ल एकाच हाताचं, आर प्रकारचं असतं म्हणून तंतू पिळतात. दोन्ही हातांचं सारखं मिश्रण घेतलं तर चपटे पापुद्रे होतात आणि तेल नीट धरलं जात नाही. व्यापारी मालात स्टिअरिक आम्ल मिसळलेलं असतं, ते वेगळ्या तऱ्हेने स्फटिकतं. म्हणून एकाच पोत्यातला माल सगळ्या प्रयोगांना पुरवा.

याच आम्लाचा लिथियम साबण म्हणजे बेअरिंगमधलं लिथियम ग्रीस. ग्रीसवाल्यांनी मोडण्याचा प्रश्न फार आधीच गंभीरपणे घेतला. छिद्रांच्या चकतीतून ग्रीस ६० वेळा खालीवर घुसळतात आणि मग २५ अंशाला शंकू किती रुततो ते मोजतात. दोन नंबरचं ग्रीस २६५ ते २९५ यायला हवं, एकक मिलिमीटरचा दहावा भाग. टिकाऊपणा बघायला तेच एक लाख वेळा घुसळतात. तुम्हीही एकदाच ३०० टक्के देऊन निकाल देऊ नका. पाच फेऱ्या करा आणि दर फेरीला किती परतलं ते लिहा. पहिल्या फेरीनंतर आकडा स्थिर राहतो की दर वेळी घसरतो, यावरून पुंजके शाबूत आहेत की तेही झिजताहेत ते कळतं.

प्रवाहमिती

सुईचा प्रश्न राहिला होता. उत्तर: नाही, ३०० टक्क्यांवरून ठरवता येत नाही. १० रेडियन प्रति सेकंदाला ३०० टक्के म्हणजे शिअरचा वेग (थर एकमेकांवरून सरकण्याचा वेग) जास्तीत जास्त ३० प्रति सेकंद. २१ गेजच्या सुईचा आतला व्यास साधारण ०.५१ मिमी. मिनिटाला १ मिली सोडलं तर साध्या द्रवाच्या हिशेबाने भिंतीजवळ शिअरचा वेग १,२५० प्रति सेकंदच्या आसपास येतो. २५ गेज घेतलं, व्यास ०.२६ मिमी, तर जवळपास आठपट. चाचणी आणि वापर यांच्यात चाळीसपट ते तीनशेपट अंतर आहे.

तरीही घाबरण्याचं कारण नाही, कारण अशी जेल सुईत साध्या द्रवासारखी वाहत नाहीत. मोठ्या पेप्टाइडांच्या जेलमध्ये असं दिसलं आहे की मधला भाग न मोडता दांड्यासारखा सरकतो आणि सगळी झीज भिंतीजवळच्या पातळ थरात होते. तुमच्या पुंजक्यांच्या जेलमध्ये तसंच घडेल अशी अपेक्षा धरायला हरकत नाही, पण मोजून बघा. जाड सुई आणि संथ दाब यांनी मधला भाग मोठा राहतो. सिरिंजच्या तोंडाशी, जिथे रुंद नळी एकदम अरुंद होते, तिथे जेल ताणलं जातं आणि तुटतं. उतरत्या तोंडाची प्लास्टिकची सुई घेतली तर हा धक्का कमी होतो. आधी फक्त पाणी आणि मागून घट्ट जेल असं आलं, तर दाबाने जाळ्यातून द्रव पिळून निघतो आहे. मग वेग बदला किंवा सुई जाड घ्या.

जेल सिरिंजमध्येच लावा, बाहेर लावून आत भरू नका. धुवायचं असेल तर मात्र बाहेर लावावं लागेल. तेव्हा सिरिंजच्याच व्यासाच्या नळीत लावून अख्खा दंडगोल आत सरकवा. मग ठरलेल्या वेगाने सिरिंज पंपावर चढवून २ मिली थेट व्हेनच्या बाटलीत सोडा, १० मिनिटं, १ तास आणि २४ तासांनी जी प्राइम घ्या. शेजारी त्याच बॅचची न ढकललेली बाटली ठेवा.

शेवटची चाचणी क्रीपची, म्हणजे ताण स्थिर ठेवून स्ट्रेन वाढत जातो का ते बघण्याची. मोडण्याच्या ताणाच्या बऱ्याच खाली १०, २०, ५० पास्कल असा ताण १०-१० मिनिटं धरून ठेवा. या जाळ्यांची एक खोड अशी की कमी ताणाखालीही ती काही काळ टिकतात आणि मग एकदम कोसळतात. स्ट्रेन वाढवत नेण्याच्या चाचणीत, म्हणजे स्ट्रेन स्वीपमध्ये, हे दिसत नाही. ५० पास्कलला आठव्या मिनिटाला स्ट्रेन उसळला, तर जेल सोडलेल्या जागी थोड्याच वेळात पसरेल, मग परताव्याची टक्केवारी कितीही चांगली असो.